लाल गोंड्याचा हार

"मोठ्या माई जगतात का जातात, तेवढा सांग. मग उचल पाटी."

तुळसाने हिराच्या पाटीवर हात ठेवला तो काढीना. मिरकरवाड्याच्या जेटीवर सकाळचा लिलाव नुकता आटपला होता. बांगड्यांवर बर्फ टाकायचा होता, बाजारात गिऱ्हाईक खोळंबलं असणार होतं, आणि इकडे पाच-सहा बायका आपापल्या पाट्या खाली ठेवून हिराच्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या. मोठ्या माई त्यांच्यापैकी कुणाच्याच कोणी नव्हत्या. साडेसातच्या मालिकेतल्या त्या सासूबाई. नाकात नळ्या घालून दवाखान्यात पडल्या होत्या आणि अख्ख्या जेटीचा जीव त्यांनी टांगणीला लावला होता.

"मला काय म्हाईत?" हिरा म्हणाली. पण अशा सुरात म्हणाली, की तिला सगळं माहीत आहे हे शेंबड्या पोरालाही कळावं.

"तुला नाय तर कोनाला? चिराग तिथे नोकरीला कोनाचा?"

"तो काय सांगत नाय गो. मीच आपला अंदाज बांधतंय." हिराने उगाचच वरचे बांगडे सारखे केले. "पन बाय, माईंचा काय मला बरा दिसत नाय हां."

"अगो बाई!" कुणीतरी कपाळाला हात लावला. हिराने पाटी डोक्यावर घेतली आणि बाजाराच्या दिशेने अशी डौलात निघाली, जसं काही कुणाला मारायचं आणि कुणाला जगवायचं ते तिलाच विचारून ठरतं.

चिराग हा हिराचा एकुलता एक मुलगा. मुंबईत, गोरेगावला, त्याच मालिकेच्या सेटवर सामान सांभाळायच्या कामाला होता. त्या मालिकेतल्या घरात पडद्यापासून पाट्यावरवंट्यापर्यंत जे जे दिसतं ते जमवायचं, जागच्या जागी ठेवायचं आणि काम संपलं की कुलपात टाकायचं. नवरा आनंदा दुसऱ्याच्या लाँचवर खलाशी. तो एकदा गेला की आठ-दहा दिवस समुद्रातच. घरी बोलायला भिंती. म्हणून दुपारचा बाजार उठला की हिरा चिरागला फोन लावी. 'जेवलास?' विचारून झालं की 'आज काय काम?' पोरगाही गुणाचा, सगळं सांगे. आज पाळणा रंगवायला दिलाय, आज जुनी ट्रंक शोधत चोरबाजार पालथा घातला. मालिकेची गोष्ट त्याने कधी फोडली नाही. पण पाळणा म्हटल्यावर बाईमाणसाला कळायला कितीसा वेळ लागणार? पाळणा म्हणजे सुनेला दिवस गेले. ट्रंक म्हणजे धाकटा घर सोडून निघाला.

आणि कळलं की ते हिराच्या पोटात राहत नसे. आधी बायका हसल्या, मग सांगितलेलं जुळायला लागलं तशा गप्प झाल्या, मग रोज वाट बघायला लागल्या. बाजारात हिराची जागा ओळीच्या शेवटी, गटाराच्या कडेला होती. ओळीत तुळसाचा शब्द चाले. तिने हिराला आपल्या शेजारी, पत्र्याच्या सावलीत बोलावून घेतलं. इतक्या वर्षांत खलाशाच्या बायकोला कुणी 'ये, बस' म्हटलं नव्हतं. हिरा शेफारली, हे खरंच आहे. पण उन्हातून उठून सावलीत बसल्यावर कोण शेफारत नाही?

तरी नुसत्या मोठेपणासाठी ती हे करत होती असं म्हटलं तर तिच्यावर अन्याय होईल. पुढे काय होणार ते न कळणं तिला खरोखरच सोसत नसे. फयान वादळात आनंदाची लाँच बाहेर होती. हिरा बंदरावर उभी राहून येईल त्याला विचारत होती आणि तिला कुणी म्हणजे कुणी काही सांगू शकत नव्हतं. लाँच पार देवगडला जाऊन लागली होती, माणसं जिवंत होती. पण ते कळेपर्यंत हिराचं जे व्हायचं ते होऊन गेलं. तेव्हापासून शेवट आधी ठाऊक असला तरच तिला धड बघवे, नाहीतर छातीत धडधड सुरू होई, मग ती मालिका असो की गावातलं नाटक.

आनंदाचं बरोबर उलटं. समुद्रावरून आला की आंघोळ, जेवण, आणि मग चुकलेले सगळे भाग ओळीने मोबाईलवर. "तोंड उघडलास तर बघ," ही ताकीद बायकोला आधीच. "अगो, जाळ्यात काय हाय ता आधीच समजला तर जाळा वढायचा कशाला?" असं तो म्हणे. हिरा मग ओठ घट्ट मिटून त्याच्या मागे बसे आणि मोक्याच्या जागी नको तेवढा मोठा सुस्कारा टाकून सगळा घोटाळा करी.

गेल्या खेपेला आनंदा घरी असतानाच चिरागचा फोन आला होता. "आये, आपल्या आजोबांच्या फोटोला हाय ना, तसा चंदनाचा हार हवाय. हितं सगळा प्लास्टिकचाच माल."

हिरा रामआळीत जाऊन हार घेऊन आली. पण सासऱ्यांच्या हाराला खाली लाल गोंडा होता, तो याला नव्हता. तिने घरातली लोकर काढून तस्साच गोंडा केला आणि हाराला बांधला. आनंदाने हार नीट खोक्यात घातला, खोकं सुतळीने बांधलं आणि संध्याकाळच्या मुंबईच्या गाडीवर नेऊन ड्रायव्हरच्या हातात दिलं.

हार पोचल्याचं सांगायला चिरागने फोन केला तेव्हा हिराने विचारलंच. "कोनाच्या फोटोला रे?"

चिराग हसला. "आये, तू पन ना..."

"माईंच्या?"

"आये, ऐक. ह्या कोनाला म्हंजे कोनाला बोलायचा नाय. आमच्याकडून सह्या घेतल्यात. शप्पथ घे."

"तुझ्या गळ्याची शप्पथ," हिरा म्हणाली. म्हणताना तिला ती पाळायचीही होती.

तिने बरेच दिवस कळ काढली. तुळसाला त्या सकाळी सांगितलं तेवढंच काय ते सांडलं. पण त्याच संध्याकाळी ती मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत गेली. गेली ती बर्फाचं विचारायला. खोल समुद्रात मोबाईल चालत नाही. कचेरीत वायरलेसचा संच आहे, आणि संध्याकाळी सगळ्या लाँच एकाच चॅनेलवर असतात. कुणाला मुलगी झाली, कुणाची सासू पडली, कुणाकडे मासळी किती, सगळं सगळ्यांच्या कानांदेखत. त्यात कुणाला काही वाटत नाही. समुद्रावरच्या माणसांची ती चावडीच आहे.

"सागरलक्ष्मी, सागरलक्ष्मी," कचेरीतल्या दर्शनाने आनंदाच्या लाँचला हाक दिली आणि माईक हिराच्या हातात दिला.

"ऐकताव ना? परवा येनार का? बर्फ किती सांगू?"

आनंदा बोलायच्या आत भलताच आवाज मध्ये घुसला. तो केरू तांडेलचा, दुसऱ्या एका लाँचवरून. "हिरावैनी, बर्फ ऱ्हाऊं दे! माईंचा काय ता सांगा. हितं आमची पोरा भांडायला लागलीत."

"सांगा वैनी, सांगा!" तिसऱ्याच लाँचवरून कुणीतरी ओरडलं. खरखरीतून हसण्याचे आवाज आले.

आख्खा समुद्र तिच्याकडे कान लावून बसला होता. ज्या समुद्राने एकदा तिला काही म्हणता काही सांगितलं नव्हतं, तो आज तिला विचारत होता. शप्पथ तिला आठवली. आठवली आणि तशीच बाजूला सरली. तिने बटण दाबलं.

"माई जातात," ती म्हणाली. "चिरागने फोटोसुद्धा करून घेतलाय. हार मीच पाठवलाय, आपल्या रामआळीतला. सोमवारी बघा तुमी, नाय गेल्या तर नाव बदला माझा."

त्या संचाची एक खोड आहे. बटण दाबून आपण बोलत असलो की समोरचा काय बोलतो ते ऐकू येत नाही. तिने बटण सोडलं तेव्हा आनंदाच्या बोलण्याचं शेपूट तेवढं कानावर पडलं, "...गप बस सांगतोय ना तुला!" मग जो हशा उसळला त्यात तेही बुडून गेलं. "वैनी, तुमी म्हंजे तुमीच!" केरू तांडेल म्हणाला. हिरा फुलून घरी आली. बर्फाचं विचारायचं राहूनच गेलं.

कुठल्याशा लाँचवरच्या खलाशाने ते गंमत म्हणून मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं. लाँच रेंजमध्ये आली तसं त्याने ते गावच्या ग्रुपवर टाकलं. तिथून ते कुठे कुठे गेलं हे विचारण्यात अर्थ नाही. दुसऱ्या सकाळी बाजारात एक गिऱ्हाईक सुरमई निवडत होतं, ओळखीचं ना पाळखीचं, आणि त्याच्या मोबाईलमधून हिराचाच आवाज आला. 'माई जातात.' हिरा आधी हसली. तुळसाला कोपराने ढोसून "ऐक, ऐक" म्हणाली. मग पुढचं वाक्य आलं, त्यात चिरागचं नाव आलं, आणि हिराच्या हातातला सुरा थांबला.

दुपारी फोन त्यानेच केला.

"आई," चिराग म्हणाला. जन्मात त्याने तिला 'आई' म्हटलं नव्हतं. "आई, इथे आमच्या मॅडम आहेत. फोन स्पीकरवर आहे. त्या विचारतील ते सांग."

"हा तुमचाच आवाज आहे ना?" बाईंचा आवाज चढलेला नव्हता.

"हो."

"तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

आदल्या संध्याकाळी सबंध समुद्रावर धावलेली हिराची जीभ आता टाळ्याला चिकटली. खरं बोलावं तर पोरगा जातो, खोटं बोलावं तर काय बोलावं ते सुचेना. "मी... मी बाजारात हाय," ती म्हणाली. पलीकडून फोन बंद झाला.

उन्हं कलल्यावर चिरागचा पुन्हा फोन आला. आता तो बाहेर रस्त्यावर होता. "घरी बस म्हनालेत. ठरला की कळवतो म्हनालेत."

"चिराग, माझ्या तोंडाला..."

"ऱ्हाऊं दे आये. चूक माझीच. तुला सांगायलाच नको होता." तो रागावला नव्हता. वाण्याकडे काय संपलंय ते सांगावं तसं त्याने सांगितलं. "बाबांना समुद्रावर कळवू नको. आल्यावर सांग."

तो शिव्या देता तर हिराने त्या पदरात घेतल्या असत्या. पण ते 'तुला सांगायलाच नको होता' तिच्या काळजाला जे लागलं ते लागलं. चुलीजवळ बसली तरी तेच, पाणी भरायला गेली तरी तेच. तिला स्वतःची लाज वाटली, आणि ही लाज चारचौघांतली नव्हती. घरात एकटी असतानाही तिला तोंड कुठे लपवावं ते कळेना. पोरगा दिवसभर राबून आईशी चार शब्द बोलत होता. त्या चार शब्दांचं तिने काय केलं? पत्र्याच्या सावलीतल्या वीतभर जागेसाठी ते विकून खाल्ले. भिंतीवर सासऱ्यांचा फोटो होता. त्याच्या हाराखालचा लाल गोंडा बघवेना म्हणून ती फोटोकडे पाठ करून बसली.

संध्याकाळी लाँच चॅनेलवर यायची वेळ झाली तशी ती उठली, चेहऱ्यावर पाणी मारलं आणि सोसायटीची वाट धरली.

"मावशी, सागरलक्ष्मीला हाक देऊ?" दर्शनाने विचारलं. तिच्याही मोबाईलवर ते पोचलेलं होतं, नजरेवरून कळत होतं.

"नको. सगळ्यांना दे."

दर्शनाने सगळ्यांना हाक दिली. हिराने माईक दोन्ही हातांत धरला.

"मी हिरा बोलतंय. ऐका सगळ्यांनी. कोनाला मोबाईलवर घ्यायचा आसंल तर घ्या." तिने माईक तोंडाजवळ नेला. "मी काल सांगितला ता सगळा खोटा. चिराग मला काय सांगत नाय. कधीच काय सांगितला नाय. हारबीर मी पाठवलेला नाय. मीच आपल्या मनाचा रचून, पोराचा नाव घेऊन थापा मारत होतंय. जुळला ता जुळला." इथे ती थांबणार होती. पण बटणावरचं बोट निघेना. "मला कोन विचारत नव्हता, म्हनून."

तेवढं शेवटचं वाक्य खरं होतं, आणि खोट्या सगळ्या वाक्यांपेक्षा तेच बोलायला जड गेलं.

तिने बटण सोडलं. खरखर झाली. कुणी हसेना. मग केरू तांडेलचा आवाज आला, जरा अविश्वासाचा. "पन वैनी, हार? तुमी तर रामआळीचा नावसुद्धा घेतलात."

हिराच्या आधी आनंदाच बोलला.

"कसला हार नि कसला काय, केरूभाव! थापाडी हाय ती. लगीन झाल्यापासून बघतोय. तुमी इश्वास ठेवलात ह्या तुमचा चुकला."

आता मात्र समुद्रभर हसू फुटलं. हिरा माईक धरून तशीच उभी राहिली. त्या खोक्याला सुतळी आनंदानेच बांधली होती. गाडीच्या ड्रायव्हरला 'जपून ने रे' असं त्यानेच बजावलं होतं. त्याला चिरागचं कुणी कळवलं नव्हतं, पण बायकोच्या आवाजावरून त्याने जे ओळखायचं ते ओळखलं होतं. तिला त्याच्याशी बोलायचं होतं, पुष्कळ बोलायचं होतं. पण बटण दाबलं की सगळेच ऐकणार.

"बर्फ किती सांगू?" तिने विचारलं.

"नेहमीचाच सांग," आनंदा म्हणाला. आणि वर, "जेव नि नीज आता. येतोय मी उद्या."

हे दुसरं बोलणं पहिल्यापेक्षा जोरात पळालं. कंपनीलाही तेच हवं होतं. एक कोळीण थापा मारते, एवढ्यावर प्रकरण मिटलं. चिरागला परत कामावर बोलावलं. माईंच्या मरणाचा भाग म्हणे रातोरात बदलला. सोमवारी माईंनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

बाजारात हिराचं नाव थापाडी पडलं. "काय गो थापाडे, आज सौंदाळे कोनाच्या नशिबी?" असं कुणीही विचारी. पत्र्याखालून ऊठ, असं तिला कुणी म्हटलं नाही. पण एके सकाळी तुळसाच्या शेजारी तुळसाच्या भाचीची पाटी लागलेली दिसली. हिरा ओळीच्या शेवटी गेली आणि गटाराच्या कडेला तिने आपली गोणी अंथरली.

चिरागचा फोन रोज येतो. त्यात त्याने खंड पडू दिला नाही.

"जेवलास?"

"जेवलो."

यापुढे पूर्वी 'आज काय काम' असायचं. ते हिराच्या ओठांपर्यंत येतं आणि ती ते गिळते. चिराग तिकडच्या हवेचं सांगतो, बाबांच्या गुडघ्याचं विचारतो. कामाचं अवाक्षर नाही. "बरा, ठेवतो मग," म्हणतो. हिरा फोन ठेवते आणि तिला दिवसभर काहीतरी विसरल्यासारखं वाटत राहतं. पोराची नोकरी वाचली, पण दुपारी तिच्याशी बोलणारा तो पोरगा काही परत आला नाही.

संक्रांतीनंतर तुळसाकडे हळदीकुंकू होतं. हिराला जायचं नव्हतं. पण गेलं नाही तर त्याचीही चर्चा झाली असती, म्हणून गेली. दाराशेजारच्या भिंतीला टेकून बसली. साडेसात झाले तशी तुळसाच्या सुनेने टीव्ही मोठा केला. माई दवाखान्यातून घरी येत होत्या. सुना ओवाळत होत्या, पेढे वाटले जात होते.

"बघ गो हिरा, तुझ्या माई कशा टुणटुणीत!" कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या तिच्याकडे वळून हसल्या. हिराही थोडी हसली.

माई काठी टेकत देवघराशेजारच्या भिंतीकडे आल्या. तिथे त्यांच्या नवऱ्याचा फोटो होता. तो सुरुवातीपासून होता, उघडाबोडका. आज त्याला चंदनाचा हार होता. हाराच्या खाली लोकरीचा लाल गोंडा.

हिराने गोंडा निरखला. गोंड्याची एक बाजू जरा आखूड राहिली होती, घाईत कापताना. तशीच होती ती. हार वाया जाऊ नये म्हणून चिरागने तो माईंच्या नवऱ्याला घातला होता. अगदी मध्यावर, दोन्ही बाजू सारख्या सोडून, घरी आजोबांच्या फोटोला आहे तसा. हिराचे डोळे भरून आले. नुसतं बोट दाखवलं असतं तर त्या खोलीतलं प्रत्येक तोंड बंद झालं असतं.

"काय गो, एवढी काय बघतेस?" तुळसाने हळदीकुंकवाचं तबक पुढे करत विचारलं. "सांगून टाक. उद्या काय होनार?"

बायका हसायच्या बेतात थांबल्या. हिराने कपाळ पुढे केलं, कुंकू लावून घेतलं.

"मला कुठला म्हाईत?" ती म्हणाली. "उद्या लागंल तेव्हा कळंल."

पडद्यावरची भिंत गेली आणि जाहिराती लागल्या. हिराने वाण पदराखाली घेतलं आणि जाहिराती संपायची वाट बघत ती बायकांमध्ये बसून राहिली.